जामियाचे उस्ताद आणि आपल्या शाळा

काळ झपाट्याने बदलतो आहे, शिक्षकानेही बदलले पाहिजे, हे वाक्य आपण प्रत्येक शैक्षणिक सभेत ऐकतो. त्याने बदलायचे म्हणजे काय करायचे, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे सुरुवातीचे दिवस आठवतात.

असहकाराच्या लाटेत २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढला जामियाची स्थापना झाली. ब्रिटिश सरकारची मदत घ्यायची नाही, हा तिचा निर्धार होता. पण १९२४ मध्ये तुर्कस्तानातच खिलाफत संपुष्टात आली आणि त्या चळवळीतून येणारा पैसा आटला. १९२५ मध्ये हकीम अजमल खान यांच्या पुढाकाराने संस्था दिल्लीच्या करोलबागेत आली. ती बंद करावी काय, अशी चर्चा सुरू होती. अशा वेळी, १९२६ मध्ये, झाकिर हुसेन, आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब हे तीन तरुण युरोपातून शिकून परतले आणि जामियात रुजू झाले. झाकिर हुसेन कुलगुरू झाले तेव्हा अवघे एकोणतीस वर्षांचे होते.

१९२७ च्या अखेरीस हकीमसाहेबांचे निधन झाले आणि मोठा आधार गेला. तेव्हा १९२८ मध्ये अकरा जणांनी प्रतिज्ञा केली: वीस वर्षे जामियाची सेवा करू आणि महिना दीडशे रुपयांहून अधिक पगार घेणार नाही. जामिया जगली ती या माणसांमुळे.

या त्यागाचे गोडवे आपण पुष्कळ गातो. त्यांच्या शिकत राहण्याच्या वृत्तीकडे मात्र आपले लक्ष जात नाही. जामियाच्या प्राथमिक शाळेतील अब्दुल गफ्फार मुधोली पंजाबातील मोगा येथे गेले. तेथे ख्रिस्ती मिशनच्या शाळेत प्रकल्प पद्धतीने शिकवले जाई. ती पद्धत शिकून त्यांनी ती जामियात रुजवली. मुले स्वतःची बँक आणि दुकान चालवू लागली. हिशेब, वाचन, लेखन त्यातूनच येऊ लागले. जर्मनीतून आलेल्या गेर्डा फिलिप्सबॉर्न या ज्यू बाई याच मुलांच्या ‘आपाजान’ झाल्या आणि १९४३ मध्ये त्यांचा देह दिल्लीतच विसावला. चांगली गोष्ट कुणाकडून शिकायची, याची बंधने या उस्तादांनी मानली नाहीत.

पण नवे ते सारे त्यांनी डोळे मिटून स्वीकारले असेही नाही. त्याचा दाखला आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवरच आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे आणि मुलांच्या कामातून शाळेचा खर्च भागावा, असा गांधीजींचा विचार होता. झाकिर हुसेन यांनी हाताच्या कामाचे महत्त्व मान्य केले, पण गांधीजींच्या समोरच धोकाही सांगितला. शाळेने स्वतःचा खर्च भागवावा यावर फार भर दिला, तर शिक्षक गरीब मुलांकडून मजुरासारखे काम करून घेतील, असे त्यांचे म्हणणे होते. अभ्यासक्रम समितीचे अध्यक्षपद पुढे त्यांच्याकडेच आले. नव्या कल्पनेतून मुलाचे काय भले होणार, हीच त्यांची कसोटी होती.

१ मार्च १९३५ रोजी ओखल्याला जामियाच्या इमारतीची पायाभरणी झाली. मोठमोठे नेते हाकेच्या अंतरावर होते. कोनशिला बसवली ती सर्वांत लहान विद्यार्थ्याने, अब्दुल अझीझने. शाळा कुणासाठी असते, हे त्या एका कृतीने सांगितले.

आता आपल्याकडे पाहू. शाळेच्या स्लॅबसाठी आपल्या मोहल्ल्यात देणगी जमते. शिक्षकाला नवे शिकायला पाठवण्यासाठी जमत नाही. आज मुलाच्या हातात मोबाइल आहे, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यंत्र क्षणात लिहून देते. वर्गात जुन्या वहीतून उतरवून देणारा शिक्षक या मुलासमोर टिकणार नाही. यंत्राच्या कौतुकात मुलाला विसरणारा शिक्षकही त्याच्या कामाचा नाही. उत्तर बरोबर आहे का, ते कशावरून, हे मुलाबरोबर बसून तपासणारा शिक्षक आपल्याला हवा आहे. त्यासाठी त्याला स्वतः विद्यार्थी राहावे लागेल, आणि ‘मला ठाऊक नाही, चल शोधू’ असे वर्गात म्हणण्याचे धैर्य लागेल.

जामियाचा दाखला देऊन शिक्षकाला अर्ध्या पगारावर राबवणे मात्र आम्हाला मान्य नाही. त्या अकरा जणांनी गरिबी स्वतः पत्करली होती, कुणी ती त्यांच्यावर लादली नव्हती. वेळेवर पगार, वाचनाला वेळ आणि प्रशिक्षणाची संधी हा आजच्या शिक्षकाचा हक्क आहे. तो हक्क दिल्यावर संस्थाचालकांनी वर्षातून एकदा प्रत्येक शिक्षकाला आवर्जून विचारावे: ‘गुरुजी, यंदा तुम्ही नवीन काय शिकलात?’ आणि शिक्षकांनीही संस्थाचालकांना तोच प्रश्न विचारावा.