पंडिता रमाबाईंचें अमेरिकावर्णन : सुधारणा आणि भूमिविस्तार

नांदेड-लातूरकडील दप्तरें चाळणाऱ्यांस १८५३ चा तह परिचित आहेच. कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटीं वऱ्हाड व धाराशिवकडील मुलूख निजामाकडून इंग्रजी कारभाराखालीं गेला. १८६० त धाराशिवचा मुलूख परत आला, वऱ्हाड प्रांत आला नाहीं. तात्पर्य, कलमांतील हेतु आणि जमिनीवरील परिणाम हे निरनिराळे तपासावे लागतात. हीच कसोटी एका मराठी ग्रंथाच्या विषयास येथें लावावयाची आहे.

हा ग्रंथ म्हणजे पंडिता रमाबाईंचा 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' होय. बाई १८८६ ते १८८८ अमेरिकेंत होत्या. ग्रंथ मुंबईस निर्णयसागर छापखान्यांत १८८९ सालीं छापला गेला. तत्पूर्वीं १८७३ त जोतीराव फुले यांनीं 'गुलामगिरी' हें पुस्तक, कृष्णवर्णीय दासांच्या मुक्तीसाठीं झटलेल्या तेथील सज्जनांस अर्पण केलें होतें. फुल्यांनीं दुरून गौरव केला. रमाबाईंनीं तो देश प्रत्यक्ष पाहिला. तेथील स्त्रियांच्या चळवळी, विद्यालयें व लोकसत्ताक राज्यव्यवस्था यांचें वर्णन त्या आदरानें करितात. परंतु मूळच्या रहिवाशांवर झालेला अन्याय त्यांनीं झांकून ठेविला नाहीं.

त्यांच्या तेथील वास्तव्यांतच, १८८७ च्या फेब्रुवारींत, 'डॉझ कायदा' झाला. मूळच्या जमातींची सामायिक जमीन कुटुंबवार वांटून दिली म्हणजे ते लोक शेतकरी व नागरिक होतील, असें तेथील अनेक सुधारकांचें मत होतें. कुटुंबप्रमुखास १६० एकर ठरले. वांटून उरलेली जमीन मात्र गोऱ्या वसाहतवाल्यांस खुली झाली. १८८७ त सुमारें १३ कोटी ८० लक्ष एकर असलेली जमातींची भूमि १९३४ पर्यंत ४ कोटी ८० लक्ष एकरांवर आली. सुधारणा आणि भूमिविस्तार हे दोन पक्षांचे दोन उद्योग नव्हते. एकाच कायद्यांत दोन्ही नांदत होते.

म्हणून रमाबाईंच्या ग्रंथांतील गौरवाचे उतारे तेवढे काढणें न्याय्य नव्हे. दोषदर्शनाचीं पृष्ठेंही त्यांसोबत वाचलीं पाहिजेत. संग्राहकांस विनंती ही कीं, हस्तलिखितापुढें छापील पुस्तक तुच्छ मानूं नये. त्या काळची प्रत हातीं आल्यास मुखपृष्ठासह जपावी आणि समासांतील टिपा उतरून घ्याव्या. कोणत्या वाचकानें कोणत्या ओळीखालीं रेघ ओढली, हेंही आपल्या प्रांताच्या इतिहासाचें साधनच होय.