नियमग्रंथातील काळा पोशाख

पॅरिस येथील फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात चर्मपत्रावर लिहिलेला, मोजक्याच पानांचा पण अत्यंत देखणा असा एक हस्तलिखित ग्रंथ जतन केलेला आहे. चौदाव्या शतकात नेपल्सचा राजा लुई याने स्थापन केलेल्या वीरसंघाची ती नियमावली होय. त्यातील चित्रे नेपल्सचा चित्रकार क्रिस्तोफोरो ओरिमिना याची मानली जातात. आरंभीच्या चित्रात राजा लुई व राणी जोआन्ना पवित्र त्रैक्यासमोर गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसतात.

चित्र भक्तिभावाने ओथंबलेले आहे. त्यामागील इतिहास मात्र तितका निर्मळ नाही. जोआन्नाचा पहिला पती, हंगेरीच्या राजघराण्यातील अँड्र्यू, याचा 1345 साली आव्हेर्सा येथे खून झाला. 1347 साली तिने आपला चुलतभाऊ लुई याच्याशी विवाह केला. भावाच्या खुनाचा सूड घेण्यासाठी हंगेरीचा राजा नेपल्सवर चालून आला आणि 1348 साली या दांपत्याला राज्य सोडून पळावे लागले. पोप सहावे क्लेमेंट यांनी राणीला निर्दोष ठरविले, तरी लोकांच्या मनातील संशय पूर्णपणे मावळला नाही. शेवटी 1352 साली पेंटेकॉस्टच्या दिवशी दोघांचा राज्याभिषेक झाला आणि त्याच सोहळ्यात पवित्र आत्म्याच्या नावाने हा संघ स्थापन करण्यात आला.

संघाची खूण होती एक गाठ. प्रत्येक वीराने ती अंगावर दिसेल अशी धारण करावयाची. रणांगणात ठरावीक पराक्रम केल्यावर ती सोडावयाची आणि जेरुसलेमला प्रभूच्या कबरीचे दर्शन घेतल्यानंतरच पुन्हा बांधावयाची. शुक्रवारी प्रभूच्या दुःखसहनाची आठवण म्हणून सोने-मोती वर्ज्य करून साधी पांढरी रेशमी गाठ वापरावयाची. दरवर्षी पेंटेकॉस्टला नेपल्सच्या समुद्रकाठच्या कास्तेल देल्लोव्हो या किल्ल्यात सर्वांनी जमावयाचे आणि वर्षभरातील आपल्या कामगिरीचा लेखी वृत्तान्त सादर करावयाचा, असा दंडक होता.

या साऱ्या नियमांत एक मला विशेष बोलका वाटतो. ज्या वीराने लढाईत पाठ दाखवून संघाला कमीपणा आणला असेल, त्याने मेळाव्याला काळ्या पोशाखात यावे आणि सभागृहाच्या मध्यभागी एकट्याने जेवावे. त्याच्या छातीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेले असे, की पवित्र आत्म्याच्या साहाय्याने ही लाज धुऊन काढण्याची मला आशा आहे. शिक्षा कठोर खरी. पण या माणसाला दाराबाहेर काढलेले नाही. त्याची चूक सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे आणि त्याची आशाही.

1362 साली लुई मरण पावला आणि संघही लयाला गेला. ग्रंथ मात्र उरला. 1574 साली पोलंडहून फ्रान्सला परतणाऱ्या तिसऱ्या हेन्रीला व्हेनिसच्या शासनाने तो भेट दिला. 1578 साली हेन्रीने पवित्र आत्म्याच्याच नावाने स्वतःचा वीरसंघ स्थापन केला. आपली कल्पना उसनी आहे हे कळू नये म्हणून ग्रंथ नष्ट करण्याची आज्ञा त्याने दिली, परंतु त्याच्या मंत्र्याने ती पाळली नाही, असे परंपरा सांगते.

दोन राजे, दोघांच्याही ओठी पवित्र आत्म्याचे नाव. एकाने आपल्यावरील संशयाची छाया सोनेरी चित्रांनी झाकू पाहिली, तर दुसऱ्याने परंपरेनुसार आपले ऋणच लपवू पाहिले. दुसऱ्यांसाठी नियम करणे सोपे असते. स्वतः काळा पोशाख घालून सभेच्या मध्यभागी बसणे अवघड असते. आपण धर्मगुरूंनी आणि संस्थाचालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. नियम पहिल्यांदा तोलतो तो नियम करणाऱ्यालाच. क्षमेचा मार्ग चूक झाकण्यातून जात नाही. तो कबुलीजबाबातून जातो, हे सांगणारे ते एकच पान मला साऱ्या सोनेरी चित्रांहून मोलाचे वाटते.