सायकल आणि वेस

सायकल चालवण्यात माणसाला आनंद का वाटतो, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे झाला तो व्यायामाच्या नाहीतर अलीकडे पर्यावरणाच्या अंगाने. वारा तोंडावर येतो, उतार लागला की पाय न हलवता पुढे जाता येते, आपला तोल आपणच सांभाळतो याची मौज वाटते. हे सारे खरे आहे. इव्हान इलिच या विचारवंताने १९७४ साली 'एनर्जी अँड इक्विटी' या पुस्तकात हिशेब मांडला की सायकलवरचा माणूस पायी चालणाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेगाने जातो आणि शक्ती मात्र पाचपट कमी खर्च करतो. म्हणजे आपल्याच पायांची ताकद आपल्याला कितीतरी वाढून परत मिळते. आनंदाचे मूळ इथे असणार, हे मलाही पटते. पण ते पाय कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न इलिचला पडण्याचे कारण नव्हते. आपल्याला तो टाळता येत नाही.

गावगाड्यात महाराचे पाय त्याचे स्वतःचे नव्हते. सरकारी कागद पुढच्या गावी पोचवायचा, सारा भरायला निघालेल्याच्या सोबतीला जायचे, अंमलदाराच्या घोड्यापुढे पळायचे, मयताचा सांगावा घेऊन भर पावसात परगावी जायचे. 'जोहार' घालून निघायचे आणि परत येऊन पुन्हा 'जोहार' घालायचा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले ते याच गुलामीवर बोट ठेवून. मुंबई राज्यात कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडले. आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात. तिथे वेठबेगार होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर निजामाचा अंमल संपला, पण अर्धापूरच्या आसपासच्या खेड्यांत सांगावे नेणारे पाय बदलले नाहीत. माझा आजा सांगावे नेत असे. माझा बापही पोरवयात त्याच्यामागे पळाला आहे. चालण्याचा आनंद, पदभ्रमण वगैरे शब्द मी पुढे पुस्तकांत वाचले तेव्हा मला हसू आले होते.

दुसऱ्याच्या वाहनाचे काय? त्याचा इतिहास बाबासाहेबांनीच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला आहे. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर मसूर स्टेशनावर उतरला. पोरे महाराची आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि अट अशी की गाडी पोरांनी हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालणार. पुढे १९२९ साली तेच बाबासाहेब, आता बॅरिस्टर आणि सरकारी समितीचे सभासद, धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. टांगेवाल्याने महाराला नेणे नाकारले. तडजोड म्हणून टांगा त्याचा आणि हाकणारा वस्तीतला, असे झाले. हाकण्याची सवय नसलेल्या त्या माणसाच्या हातून नदीवरल्या मोरीपाशी टांगा उलटला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. अट्ठावीस वर्षांत पोराचा बॅरिस्टर झाला, पण वाहन हाकणारा मधे आला की जात मधे आली, हे बदलले नाही.

सायकलला हाकणारा नसतो! बैल विटाळत नाही, घोडा विटाळत नाही, विटाळतो तो हाकणारा. आणि सायकलवर बसणारा तोच हाकणारा. मला वाटते, आपल्या माणसाला सायकलचे जे वेड लागले त्याचे पहिले कारण हे आहे. कोणाची विनवणी नाही, दुप्पट भाडे नाही, कोणी जात विचारून मान फिरवत नाही.

अर्थात ही मोकळीक आपल्यापर्यंत उशिरा आली. आजच्या घडणीची सायकल इंग्लंडात १८८५ साली तयार झाली, १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर काढला. आपल्याकडे ती आधी साहेबाची, मग वकील-मास्तरांची. स्वातंत्र्यानंतर आसनसोल, मद्रास, सोनिपत, लुधियाना इथले कारखाने चालू झाले तेव्हा कुठे ती खेड्यात दिसू लागली, आणि खेड्यातही प्रथम तलाठ्याकडे, पोस्टमनकडे, दुकानदाराकडे. शिवाय सायकलीला रस्ता लागतो. आमच्याकडची गाडीवाट पावसाळ्यात काळ्या चिखलाची. तिथे सायकल खांद्यावर घ्यावी लागे. १९७२ च्या दुष्काळात रस्त्यांची कामे निघाली. त्या कामांवर खडी फोडायला कोण होते हे सांगायला नको. माझी माय होती. तिच्या हाताला आलेले फोड मी पाहिले आहेत. त्या खडीवरून पुढे आमच्या सायकली गेल्या.

अर्धापुरात तासावर सायकल मिळे. चाराणे तास. दुकानदार आधी नाव विचारी, मग आडनाव, मग बापाचे नाव. पण पैसा रोख असल्यामुळे सायकल देई. आम्ही पोरे उंच सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून, कैची मारत शिकलो. गुडघे फुटले. एकदा तोल सापडला की तो कोणाला समजावून सांगता येत नाही आणि कोणाला काढूनही घेता येत नाही. आमच्याकडे काढून घेता न येणारे दुसरे काय होते?

पुढे मी नांदेडला शिकायला लागलो. अर्धापूर ते नांदेड अठरा-वीस किलोमीटर. एस.टी.चे पैसे रोज परवडत नसत. बापाने केळीच्या बागेत घड वाहून साठवलेल्या पैशांतून एक जुनी सायकल घेतली. आसना नदीच्या पुलाकडे उतार लागला की मी पायडल सोडून देत असे. त्या मिनिटभरात मी कोणाचा सालगडी नव्हतो, कोणाच्या सवलतीवर शिकणारा नव्हतो. आजही कोणी मला सुख कशाला म्हणतात असे विचारले तर मला आधी तो उतार आठवतो.

पण त्याच सायकलीवर बाप एकदा पाहुण्यांकडे, शेजारच्या एका गावी गेला. गावाचे नाव लिहीत नाही. वेशीत पारावर बसलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "कुठं निघालास रं? उतर की खाली. पाय मोडले का तुझे?" बाप उतरला. पार संपेपर्यंत सायकल हातात धरून चालला आणि मग पुन्हा बसला. घरी आल्यावर त्याने हे सांगितले ते हसत सांगितले. माय हसली नाही.

कायद्याचे म्हणाल तर सार्वजनिक रस्ता वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणाने अडथळा करणे हा १९५५ पासून गुन्हा आहे. तरीही २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, अकरा राज्यांतल्या ५६५ खेड्यांच्या पाहणीत घनश्याम शहा, सुखदेव थोरात आदी अभ्यासकांना दलितांना गावातून सायकलवर बसून जाऊ न देण्याची उदाहरणे सापडली. सायकलची ही दहशत का वाटावी? ती काही जमीन मागत नाही, पाणवठ्याला शिवत नाही. पण पायी चालणारा मान खाली घालून चालू शकतो. सायकलवर मान वर आणि नजर समोर ठेवावीच लागते, नाहीतर माणूस पडतो. त्यात आसनाची उंची, आणि त्यात चेहऱ्यावरची मौज. पारावरच्या माणसाला बहुधा ती मौजच सहन होत नाही. आपल्या आनंदाच्या नोंदी कोणी केल्या नाहीत. म्हणून इतिहास शोधणाऱ्याने बंदी कुठे होती ते पाहावे. जिथे उतरायला लावले, तिथे बसण्यात काहीतरी होते.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि आमचा नांदेड जिल्हा पेटला. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना जीव गमवावा लागला. वस्त्या जळाल्या. आम्ही काही दिवस रात्री जागून काढले. त्या दिवसांत आसपासच्या वस्त्यांची खबर आणणारे आमचे तरुण सायकलवर जात. आजा सांगावे नेई तेही खबर नेणेच होते, पण तो दुसऱ्याच्या हुकुमाने निघे. १९८३ साली कांशीराम यांच्या डीएस-४ ने उत्तरेत सायकल मोर्चा काढला तेव्हा त्यांचे सूत्रच दोन पाय आणि दोन चाके असे होते. ते वाचले तेव्हा मला ते मुळीच नवे वाटले नाही.

इथवर मी 'आम्ही' म्हणत आलो, त्यात माझी बहीण नाही. ती माझ्याहून धीट. तरी तिला सायकल शिकू दिली नाही ती पारावरच्यांनी नव्हे, आम्ही. 'पोरीच्या जातीला शोभत नाही' हे वाक्य आमच्या घरात बोलले गेले, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असलेल्या घरात. १९९१ च्या सुमारास तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरता मोहिमेतून हजारो खेडुत बाया सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात म्हणून त्या पुरुषी सायकली चालवू लागल्या. टवाळी झाली, त्यांनी ती मोजली नाही. बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली देणे सुरू केले. मराठवाड्यातही मानव विकास कार्यक्रमातून अनेक तालुक्यांत मुलींना सायकली मिळाल्या. बहिणीची नात शाळेला सायकलने जाते. ती जोरात घंटी वाजवते, समोर कोणी नसतानाही. बहीण दारात उभी राहून पाहते आणि मला काही बोलत नाही.

आता वस्तीतल्या पोरांकडे मोटारसायकली आहेत आणि सायकल ही गरिबीची खूण झाली आहे. त्यामुळे हे विचारण्याचे दिवस फार राहिलेले नाहीत. वाचकांना माझी विनंती आहे. आपापल्या वस्तीत पहिली सायकल कोणी घेतली, कशाच्या पैशांतून घेतली, कोणत्या गावच्या वेशीत उतरायला लावले, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा. आणि पहिल्यांदा कोण उतरले नाही, तेही.