कॅप्टन व्योम जानेफळात आला तेव्हा



आपण नववी-दहावीत असताना, १९९८ साली, दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ सुरू झाली. केतन मेहता यांची ही मालिका, व्योमच्या भूमिकेत मिलिंद सोमण. कथा २१२३ सालची. माणूस सूर्यमालेत पसरला आहे, गुरूच्या एका उपग्रहावरच्या तुरुंगातून १२ खतरनाक गुन्हेगार निसटले आहेत आणि त्यांना पकडायची कामगिरी व्योमवर आहे. टॉम अल्टर विश्वप्रमुख झाले होते. जानेफळात ज्या घरी टीव्ही, तिथे गल्लीतली सगळी पोरं जमायची. एकाने वर चढून अँटेना फिरवायचा, बाकीच्यांनी खालून ‘आलं, आलं... गेलं!’ म्हणून ओरडायचं. ऐन लढाईत लाईन गेली, की पुढची गोष्ट वर्गात ज्याची त्याने रचून सांगायची!

या स्मरणिकेसाठी मी मालिकेचे काही भाग पुन्हा पाहिले. सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढल्यावर नजर आधी चुकांकडेच जाते. गुरूजवळून निघालेला संदेश प्रकाशाच्या वेगाने आला तरी पृथ्वीवर पोचायला ३३ ते ५४ मिनिटं लागतात. एवढी वाट पाहायला मालिकेला वेळ नाही. यानं आज खेळण्यातली वाटतात. पण हिशेब मांडला तेव्हा हसू थांबलं. आपल्याकडे टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रं दिसत. म्हणजे यानाच्या एका मिनिटाच्या उड्डाणाला १,५०० चित्रं, आणि त्यातलं एकेक चित्र तेव्हाच्या संगणकाकडून घडवून घ्यायचं. आज हातातल्या मोबाइलची ताकद त्या संगणकांहून कितीतरी जास्त आहे. भारतीय मालिकेत हे करायला घेणं हेच धाडस होतं.

दुसरी गोष्ट तेव्हा आपल्या ध्यानातही आली नव्हती. व्योमचं यान पडद्यावर अवकाशात होतं, पण तो कार्यक्रम खरोखरच अवकाशातून येत होता. दिल्लीहून तो सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या इन्सॅट उपग्रहाकडे जाई, तिथून जमिनीवरच्या प्रक्षेपण केंद्रांकडे आणि मग आपल्या अँटेनापर्यंत. वर जाऊन खाली यायला लागायचा जेमतेम पाव सेकंद. हे जाळं देशभर पसरलं ते इन्सॅट-१बी मुळे. ३० ऑगस्ट १९८३ रोजी अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून तो अवकाशात गेला. तो बांधलाही अमेरिकेतच होता. १९९२ मध्ये इन्सॅट-२ए सोडला, तो मात्र इस्रोने भारतात बांधलेला. म्हणजे आपण पोरं ज्याला स्वप्न समजत होतो, त्यातलं काही आपल्याच देशात कुणाचं तरी रोजचं काम होतं.

हे कळायला वय वाढावं लागलं. त्या वयात कळलं ते वेगळंच, आणि माझ्या दृष्टीने तेच मोलाचं. भविष्यातल्या नायकाचं नाव ‘व्योम’ असू शकतं. त्याच्या पथकात मुलीही असतात, आणि त्या नुसत्या वाट पाहत बसत नाहीत. आपल्यातल्या बहुतेकींनी तोवर खरा संगणक पाहिलाही नव्हता. पुढे इंजिनिअरिंगचा फॉर्म भरताना ‘मुलीला हे जमेल का?’ असं नातेवाईक विचारायचे. मला तो प्रश्न कधी खरा वाटला नाही, त्यात या मालिकेचाही वाटा आहे. विज्ञान आपल्या शिक्षकांनी शिकवलं. ते आपलंही असू शकतं, हे बळ असल्या गोष्टींनी दिलं.

जानेवारी २०२० मध्ये इस्रोने गगनयान मोहिमेसाठी बनवलेला स्त्रीरूपातला यंत्रमानव लोकांपुढे आणला. तिचं नाव व्योममित्र. बातमी वाचताना मला आपली गल्ली आठवली. आज गावातल्या पोरांच्या हातात जगातली हवी ती मालिका आहे, आणि अँटेना फिरवायला कुणाला वर चढावं लागत नाही. तरी घरी गेलात, की ‘व्योम’चा एखादा भाग लेकरांना सोबत घेऊन बघाच. ती चित्रांना हसतील, हसू द्या. नंतर तो कार्यक्रम आपल्या छतापर्यंत कसा पोचत होता, ते मात्र सांगा.