विज्ञान सांगणाऱ्यांची परीक्षा



शास्त्रज्ञ सर्वसामान्यांसाठी कितपत चांगलं लिहितात, हा आजचा विषय. आपण गुण देतो ते बहुधा सोपेपणाला. वाचलं आणि कळलं, की लेखक चांगला! आम्हीही बरीच वर्षं तसंच मानत होतो. या जिल्ह्यात राहून ते मत बदलावं लागलं.

३० सप्टेंबर १९९३. गणपतीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा परिसर हादरला. आपल्या जिल्ह्यातली सास्तूरसारखी गावंही त्यात कोसळली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे १०,००० माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं घरच अंगावर आलं.

तेव्हाच्या भूकंप-नकाशात हा भाग ‘क्षेत्र १’मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचं पठार स्थिर, हे आपण शाळेतही शिकलो. भूशास्त्रज्ञाच्या लेखी याचा अर्थ ‘शक्यता कमी’. आपण ऐकलं, ‘इथे भूकंप होत नाही.’ १९९२ मध्ये किल्लारी भागात धक्के बसले, तरी माळवदं तशीच राहिली. पुढे २००२ च्या नकाशात हा भाग ‘क्षेत्र ३’मध्ये गेला.

‘पठार स्थिर आहे’ यापेक्षा सोपं वाक्य कुठलं? पण ‘किती खात्रीने?’ हे त्यात नव्हतं. म्हणून आमची कसोटी अशी: काय माहीत आहे, ते कशावरून, आणि माहिती कुठे संपते, हे तिन्ही लेखक सांगतो का?

जयंत नारळीकर या कसोटीला उतरतात. विश्वाच्या जन्माविषयी लिहिताना महास्फोटाचा सिद्धान्त बहुसंख्यांना मान्य आहे हे ते सांगत. आपल्याला तो का पटत नाही, हेही सांगत. वाचकाला निकाल नव्हे, खटला दाखवत. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. कथेला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा नावाचं वजन पारड्यात नव्हतं. २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, ते म्हणूनच आम्हाला रास्त वाटतं.

तेव्हा यापुढे विज्ञानलेख वाचून ‘छान समजलं’ असं वाटलं, की क्षणभर थांबा. यातली खात्री किती, ते समजलं का? लेखकाने ते सांगितलं नसेल, तर विचारा. आपल्या जिल्ह्याला तो हक्क फार महागात पडला आहे.