काळी, तांबडी, बरड आणि हाडोळा

आमच्या घरात मातीला तीनच नावे होती : काळी, तांबडी आणि बरड. काळी पाटलाची, तांबडी बाकीच्या कुणब्यांची आणि बरड आमची. वडील हे तक्रार म्हणून सांगत नसत. उन्हाळ्यात ऊन असते, तसे ते सांगत. पुढे कॉलेजात इतिहास शिकवू लागलो, तेव्हा हीच तीन नावे मला इंग्रजांच्या सर्व्हे खात्याच्या तक्त्यात भेटली.

पेशवाई बुडाल्यावर प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२० नंतरच्या दशकात दख्खनची पाहणी केली. उत्पन्नातून खर्च वजा करून सारा ठरवायचा, हे त्याचे तत्त्व होते. आकडे खोटे निघाले, सारा झेपेना आणि रयत गावे सोडू लागली. म्हणून १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी पद्धत सुरू केली. पिकाचा हिशेब सोडून त्यांनी मातीच तपासली. १८४७ च्या जॉइंट रिपोर्टात तिचे नियम पक्के झाले.

पद्धत साधी होती. तेहेतीस फुटी साखळीने शेत मोजायचे, नकाशावर त्याचे सारखे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात खणून मातीची जात व खोली पाहायची. पावणेदोन हात खोल काळी म्हणजे पहिली प्रत, सोळा आणे. खोली पाव हाताने घटली की प्रत एकाने उतरे. पाव हात बरड म्हणजे नववी प्रत, दोन आणे. चुनखड, वाळूची भेसळ, उतार, उपळ असा दोष दिसला की दर दोषामागे आणखी एक प्रत कमी. गावाचा दर हवामान व बाजारपेठ पाहून ठरे, आणि या आण्यांनी शेताचा आकार निघे.

या तक्त्याचे महत्त्व मी नाकारीत नाही. कोकणात पांढरपेशांना जातीमुळे साऱ्यात सवलत असे. इथे निदान मातीची किंमत मालकाची जात पाहून ठरत नव्हती. पण आपले इतिहासकार इथेच थांबतात. रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत सांगतात आणि प्रकरण मिटवतात. सोळा आणे माती कोणाकडे आणि दोन आणे कोणाकडे, हे ते विचारीत नाहीत. क्लासरच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. गावगाड्याने आधीच केलेली वाटणी त्याने गृहीत धरली व मोजून कायम केली. त्यातही गावची शीव कुठून जाते याची साक्ष महाराची, आणि आलेल्या सरकारी माणसाची तैनातही महाराकडेच.

आमच्या गावच्या जुन्या कागदांत मी हाडोळ्याचा नंबर शोधला. बहुतेक भाग सातव्या-आठव्या प्रतीचा, दोष उतार. वडिलांचे बोलणे शब्दशः खरे होते. या जमिनीच्या बदल्यात आमच्या आज्या-पणज्यांनी रात्रंदिवस वेठ केली, वर जुडी भरली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतनाचे बिल आणले आणि १९३९ साली हरेगावला जुडीवाढीविरुद्ध परिषद घेतली, त्यामागे हाच हिशेब होता. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली. जमीन परत मिळवायची तर आकाराच्या पटीत किंमत भरावी लागली. म्हणजे तेव्हाही क्लासरने मांडलेले आणेच मोजले गेले.

सातबाऱ्यावर 'आकार' हा रकाना आजही आहे. माझी विद्यार्थ्यांना विनंती आहे की आपापल्या गावच्या हाडोळ्याची प्रत शोधा आणि शेजारच्या नंबराशी ताडून पाहा. एका गावावरून सिद्धांत होत नाही. काही ठिकाणी हाडोळा काळीतही निघेल. तेही लिहा. पण शंभर गावांचे तक्ते एकत्र आले, तर आपल्या दारिद्र्याचे कारण आळस आहे की पाव हाताची माती, याचा निवाडा कागदावर करता येईल. वडिलांनी सांगितले तेव्हा कोणी खरे मानले नव्हते.