सरळ रेषेतलं अंतर

गेल्या महिन्यात लंडनहून परत येताना झोप लागेना, म्हणून समोरच्या स्क्रीनवरचे आकडे बघत बसलो. हीथ्रो ते मुंबई, सरळ अंतर साधारण ७२०० किलोमीटर, वेळ नऊ तासांच्या आसपास. १९४८ साली एअर इंडियाचं पहिलं मुंबई-लंडन विमान ८ जूनला निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत १० जूनला पोचलं. अंतर तेव्हाही तेवढंच होतं. बदलला तो वेळ.

दुसऱ्या दिवशी आजोळी गेलो. आजोळ मुरबाड तालुक्यात, नाणेघाटाच्या पायथ्याजवळ. आजी म्हणाली, "लंडनवरून नऊ तासांत आलास नि कल्याणवरून इथवर यायला तीन तास?"

मी हसलो खरा, पण प्रश्न डोक्यात राहिला.

मुरबाड ते जुन्नर सरळ रेषेत जेमतेम ५० किलोमीटर. विमानाला साडेतीन मिनिटं पुरतील! मध्ये सह्याद्री आहे म्हणून तर दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात नाणेघाट वाहता होता. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल इथूनच जुन्नर, पैठणकडे चढायचा. वरच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. दिलेल्या दानांचे आकडे त्यात कोरलेत. आपल्या अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी ते आहेत. आम्हा कोडवाल्यांनी तिथे एकदा तरी डोकं टेकवावं.

मग हा रस्ता ओस का पडला? रेल्वेमुळे. गंमत म्हणजे जीआयपी रेल्वेच्या अगदी सुरुवातीच्या आराखड्यात घाट चढायला माळशेजचं नाव होतं, म्हणजे गाडी मुरबाडवरूनच गेली असती. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या पाहणीनंतर माळशेज मागे पडला, थळ आणि बोर हे दोन घाट ठरले. १८५५ मध्ये रूळ शहापूर तालुक्यातल्या वासिंदला पोचले, १८६१ मध्ये कसाऱ्याला, १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला. त्याच शहापूरमधून आता समृद्धी महामार्गही जातो. २०२५ च्या जूनमध्ये तो पूर्ण खुला झाला. मुरबाडला रेल्वे आजही नाही.

बर्कले चुकले असं मी म्हणत नाही. चढ, बोगदे, खर्च यांचा हिशोब करूनच त्यांनी वाट निवडली असणार. मीही रोज तेच करतो. पण अशा हिशोबात एक रकाना नसतो. आजोबांच्या छातीत दुखायला लागलं त्या रात्री गाडी मिळवून कल्याण गाठायला आम्हाला साडेतीन तास लागले. उशीर झाला होता.

नकाशावरचं अंतर सगळ्यांना सारखंच असतं. वेळ मात्र कुणीतरी ठरवलेला असतो, कधी कधी दीडशे वर्षं आधी.

असो. आजीला काय उत्तर दिलं विचाराल तर काहीच नाही. पुढच्या वेळी मुक्कामाला येतो म्हणालो.